गाडी निघाली, गिझर लागला!

ऑफिसमधून तुमची गाडी सुटते आणि इकडे घरी दिवे, एसी, गिझर आपोआप सुरू... ऐकायला एकदम हायफाय! पण गाडी घराशी बोलायला लागली, की ती नेमकं काय काय बोलते?

‘गाडी विद्यापीठ चौकातून पुढे आली आहे. वीस मिनिटांत घरी पोचेल.’

आमच्या हॉलमधला स्पीकर रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हे वाक्य बोलायचा. आवाज बाईचा, मराठी एकदम शुद्ध, आणि सूर असा की आता ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असंही म्हणेल! ही घोषणा झाली रे झाली की आई सोफ्यावरून उठायची आणि कुकर लावायची. बाथरूममधला गिझर आपला आपण सुरू व्हायचा. बाल्कनीतला दिवा लागायचा. बाबा टीव्हीचा आवाज कमी करायचे. आणि मी, म्हणजे ‘घरीच असते म्हणजे रिकामीच असते’ या कॅटेगरीतली फ्रीलान्सर, लॅपटॉपवरून मान वर करून म्हणायची, ‘आली वहिनी!’

हा सगळा उद्योग आमच्या दादाचा. दादा हिंजवडीच्या आयटीवाल्या जमातीतला. गेल्या दिवाळीत त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्याचं स्वतःचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, त्यामुळे गाडी चालवते ती वहिनी. बाणेर ते खराडी आणि खराडी ते बाणेर, रोज. पुणेकरांना हे अंतर किलोमीटरमध्ये सांगायची गरज नाही, ते आपण तासांतच मोजतो! तर एका रविवारी दादाच्या डोक्यात आलं की गाडी आणि घर यांची ओळख करून द्यावी. दोघांनी एकमेकांशी बोलावं. आणि मंडळी, ती बोलायला लागली की हो!

फंडा काय आहे?

तर आधी थोडं फंडे क्लिअर करून घेऊ. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एक ई-सिम असतं. म्हणजे गाडीला स्वतःचं मोबाइल कनेक्शन. गाडी कुठे आहे, बॅटरी किती, दारं लॉक आहेत का, हे सगळं ती त्या सिमवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवते आणि तिथून ते तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपवर येतं. उलट दिशेनेही तेच. तुम्ही अ‍ॅपवर ‘एसी सुरू’ दाबलं, की निरोप आधी सर्व्हरकडे आणि मग गाडीकडे. गंमत बघा, गाडी आपल्याच बेसमेंटमध्ये, आपण तिच्या डोक्यावर पाचव्या मजल्यावर, पण दोघांमधलं बोलणं कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरला वळसा घालून येणार!

आपल्याकडे हे प्रकरण गाजायला लागलं २०१९ मध्ये. त्या वर्षी एमजीची हेक्टर ‘इंटरनेट कार’ म्हणून आली, ह्युंदाईची व्हेन्यू ब्लूलिंक घेऊन आली. पुढे २०२२ च्या नव्या व्हेन्यूमध्ये ह्युंदाईने ‘होम टू कार’ दिलं. म्हणजे घरातल्या अलेक्साला किंवा गुगलला सांगायचं, की गाडीचा एसी लाव. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंग आणि ह्युंदाई समूहाने हातमिळवणी जाहीर केली ती तर दोन्ही बाजूंनी, घरातून गाडी आणि गाडीतून घर. अमेरिकेत मात्र याची सुरुवात फार जुनी. तिथे ‘होमलिंक’ नावाची बटणं १९९० च्या दशकापासून गाडीत बसून येतात. बटण दाबलं की घराच्या गॅरेजचं दार उघडतं. आपल्याकडे ते काम सोसायटीचे वॉचमनकाका करतात. हॉर्न दोनदा वाजवला की झालं!

दादासारख्या लोकांना मात्र कंपनीने दिलेलं तयार काही चालत नाही. त्याने घेतलं ‘होम असिस्टंट’. पॉलस शाउट्सन या डच प्रोग्रामरने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. आपल्या मुठीएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवर ते आरामात चालतं. दिवे, पंखे, एसी, गिझर सगळी मंडळी त्यात एका पंक्तीला येऊन बसतात. शिवाय जगभरातले हौशी लोक वेगवेगळ्या गाड्यांसाठी जोडण्या लिहून ठेवतात. दादाने आमच्या गाडीची जोडणी शोधली, नकाशावर घराभोवती, चौकाभोवती, वहिनीच्या ऑफिसभोवती गोल काढले आणि सांगितलं, की गाडी या गोलात शिरली की हे कर, त्या गोलातून बाहेर पडली की ते कर. बस्स!

आणि खरं सांगू? फायदा आहेच. आमचा गिझर दोन किलोवॉटचा. गाडीचं चार्जिंग पंधरा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर, म्हणजे साडेतीन किलोवॉटच्या आसपास. त्यात एसी लागला की मेन एमसीबी खाड्कन पडायचा आणि अख्खं घर अंधारात! आता घर स्वतः बघतं. गिझर चालू असेल तर चार्जिंग थांबवतं, रात्री सगळे झोपले की पुन्हा सुरू करतं. स्मार्ट घरांसाठी ‘मॅटर’ नावाचं जे सामाईक मानक आहे, त्याच्या मे २०२४ च्या आवृत्तीत गाड्यांचे चार्जरही घेतले गेले, ते याचसाठी. नेटकी सोय. यात कुणाचीच तक्रार नव्हती.

बेसमेंटमध्ये गाडी हरवली!

तक्रार सुरू झाली बेसमेंटपासून. आमच्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नाही. गाडी रॅम्प उतरली की तिचा कंपनीशी संपर्क तुटायचा आणि घराच्या हिशेबी ती कायम गेटवरच उभी. वहिनी जेवून, आवरून झोपली तरी स्पीकरच्या मते ती अजून ‘पोचतच’ होती!

दादा म्हणाला, ‘सिंपल आहे.’ चार्जिंगची लाइन आमच्याच मीटरवरून खाली गेलेली. त्या लाइनवर त्याने करंट मोजणारं एक छोटं यंत्र बसवलं आणि त्याच्यासाठी वायफायचा जादा राउटर खाली लावला. (सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मिळवायला महिना गेला, पण तो वेगळ्या कॉलमचा विषय!) आता वहिनीने गाडी लावून प्लग खोचला, की घराला कळायचं, गाडी आली. मुख्य दाराच्या स्मार्ट लॉकची नोंद आधीपासून होतीच. सगळं कसं हॉलमधल्या टॅबवर रंगीत ग्राफमध्ये दिसायचं.

आणि इथे माती खाल्ली ती मी.

एकदा रात्री जेवताना मी सहज तो टॅब चाळत होते. सोमवारी प्लग सात दहाला, दार सात पस्तीसला. मंगळवारी सात पाच, सात सत्तावीस. बुधवारीही तसंच. मी आपली पत्रकाराच्या सवयीने म्हणाले, ‘काय गं वहिनी, पार्किंगपासून दारापर्यंत पंचवीस मिनिटं? लिफ्टने येतेस की पायऱ्या मोजत?’

दादा हसला, बाबा हसले. मीही हसले. वहिनी हसली नाही. आमटीचं भांडं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दार उघडल्या उघडल्या आईने विचारलं, ‘खाली कुणी भेटलं होतं का गं?’ आईच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच काळजी वाटली होती, एवढ्या अंधाऱ्या बेसमेंटमध्ये ही पोर एकटी काय करते! पण प्रश्न तर विचारला गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग वाटाणे सोलता सोलता मलाच विचारलं, ‘तिला काही टेन्शन आहे का गं? तुला काही बोललीय का?’

त्यानंतर तीन दिवस गाडी चार्जिंगला लागलीच नाही. घराला पत्ताच नाही, गाडी आली की नाही. चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी चौदा टक्के.

‘अगं, प्लग लावायला विसरलीस का?’ दादा ओरडला.

‘विसरले नाही,’ वहिनी म्हणाली. ‘लावला नाही.’

मधली वीस मिनिटं

त्या संध्याकाळी मीच खाली गेले. वहिनी गाडीत बसली होती. सीट मागे केलेली, चपला काढलेल्या, मांडीवर खारीचा पुडा. मला बघून तिने पलीकडचं दार उघडलं. मी सॉरी म्हणाले. तिने खारी पुढे केली.

‘मी इथे काहीच करत नाही गं,’ ती म्हणाली. ‘कधी सांगलीला आईला फोन करते. कधी एखादं गाणं. कधी तेही नाही. दिवसभर ऑफिसात सगळ्यांना उत्तरं द्यायची, वर आले की पुन्हा सगळ्यांशी बोलायचं. तुम्ही सगळे चांगले आहात, तो मुद्दाच नाही. पण मधली वीस मिनिटं कुणी काही विचारत नाही, तेवढीच मला पुरतात. आता तीपण ग्राफवर आली.’

मला पटकन काही सुचलं नाही. घरात सगळ्यात जास्त वेळ एकटी असणारी मी. माझ्या वेळेचा ग्राफ कुणी काढत नाही. वहिनीच्या वेळेचा काढला आणि त्यावर विनोदही मीच केला.

मग ‘स्टोरी’ म्हणून नाही, तर माझ्यासाठी म्हणून मी शोधायला बसले. जाम हादरले.

हॅकिंगच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून हायवेवरची जीप चेरोकी ताब्यात घेऊन दाखवली. आधी एसी, रेडिओ, वायपर आणि मग थेट वेगच खाली! एका पत्रकाराने मुद्दाम त्या गाडीत बसून हा अनुभव घेतला होता. कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती काढावी लागली. २०१६ मध्ये ट्रॉय हंट यांनी निसानच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीचं अ‍ॅप उघडं पाडलं. नुसता काचेमागे छापलेला गाडीचा नंबर, म्हणजे व्हीआयएन, माहीत असला की जगात कुठूनही तिचा एसी लावता येत होता आणि ती कधी, किती चालली तेही बघता येत होतं. पासवर्डबिसवर्ड काही नाही! निसानला ती सेवा बंद ठेवावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी नुसत्या नंबर प्लेटवरून किआच्या गाड्या शोधून, उघडून दाखवल्या. कंपनीने नंतर ते भोक बुजवलं.

कंपन्यांचंही ऐका. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँड्सची प्रायव्हसी तपासली. पास किती? शून्य! आणि आपल्याच गाडीची माहिती आपल्याच घरात आणायची म्हटली, तर त्याला मात्र नकार. ऑक्टोबर २०२३ मध्ये होम असिस्टंटमधली माझदाची जोडणी काढून टाकावी लागली, कारण ती लिहिणाऱ्या डेव्हलपरला कंपनीने कॉपीराइटची नोटीस धाडली. त्याच सुमारास अमेरिकेत गॅरेजची दारं उघडणारी यंत्रं बनवणाऱ्या चेंबरलेननेही बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपली दारं बंद केली. थोडक्यात काय, तर गाडी तुमची, हप्ते तुमचे, पण तिच्याशी बोलायचं कंपनीच्या मर्जीने.

पण यातला कुठलाच हॅकर वहिनीला त्रास देत नव्हता, कुठली कंपनीही नाही. त्रास देत होतो आम्ही. घरचे. पासवर्ड असलेले, परवानगी असलेले, प्रेमाने वागणारे.

आणि जिथे प्रेम नसतं तिथे? अमेरिकेत घर सोडून गेलेल्या बायकांचा माग त्यांचे नवरे गाडीच्या अ‍ॅपवरून काढत होते, कारण अ‍ॅप त्यांच्या नावावर. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ च्या डिसेंबरमध्ये यावर सविस्तर लिहिलं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या व्यक्तीने मागणी केली, तर कंपनीने कामकाजाच्या दोन दिवसांत त्या दुसऱ्या माणसाचा गाडीवरचा रिमोट ताबा काढून घ्यायचा. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण एखादा माणूस स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी दुसऱ्याची माहिती ठेवत असेल, तर त्याला हा कायदा लागूच नाही. म्हणजे आमच्या हॉलमधला टॅब कायद्याच्या बाहेर. तिथे काय चालणार हे आमचं आम्हीच ठरवायचं.

बाल्कनी परिषद

शेवटी रविवारी बाल्कनीत बैठक बसली. दादा, वहिनी आणि पंच म्हणून मी.

दादाचा पहिला प्रश्न अपेक्षितच. ‘पण लपवण्यासारखं आहे काय त्यात?’

‘काहीच नाही,’ वहिनी म्हणाली. ‘पण म्हणून रोज सगळ्यांना सांगण्यासारखंही नाही.’

‘अगं, सोयीसाठीच केलंय ना! तसं तर वॉचमनलाही कळतं तू कधी येतेस ते.’

‘वॉचमनकाका ग्राफ काढून हॉलमध्ये लावत नाहीत.’ मग ती थोडी हसली. ‘बरं, तुझ्याही फोनचं लोकेशन लावू या की स्पीकरवर. मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. चिरंजीव गेटबाहेरच्या टपरीवर पोचले आहेत. दुसरी पेटवली आहे.’

दादाने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई तिथेच होती. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘काय काय काढायचं ते सांग.’

तासाभरात यादी झाली. गाडीचं लोकेशन बंद. दाराच्या वेळा बंद. मागच्या सगळ्या नोंदी पुसल्या, वहिनीच्या समोर. चार्जिंग आणि एमसीबीचा हिशेब चालू, कारण विजेला कुणाच्या येण्याजाण्याशी देणंघेणं नाही. आणि वहिनीच्या फोनवर एक बटण आलं, ‘निघाले’. तिने दाबलं तर गिझर लागतो, स्पीकर बोलतो. नाही दाबलं तर घर गप्प. गाडीची अ‍ॅपही आता तिच्या नावावर आहे. चालवते ती, तर नाव कुणाचं हवं, तुम्हीच सांगा!

दादा थोडा खट्टू झाला, खोटं कशाला बोला. तीन महिन्यांची मेहनत होती त्याची. आईसुद्धा नाराज. कुकरचा मुहूर्त गेला ना तिचा! वहिनी काही रोज बटण दाबत नाही. मग साडेसहाला आई आपली फोन करते, ‘निघालीस का गं?’ आणि वहिनी कधी खरं सांगते, कधी ‘निघतेच आहे’ म्हणते, जसं आपण सगळेच म्हणतो.

तुम्हीही जोडताय?

जरूर जोडा, पण एवढं बघा.

• गाडी जो रोज चालवतो त्याला आधी विचारा. ‘चालेल ना?’ असं घाईत नाही. त्याला काय काय दिसणार आहे ते टॅबवर दाखवून विचारा.

• लोकेशनशिवाय काम होतंय का बघा. चार्जिंगसाठी लोकेशन लागत नाही. गिझरसाठी एक बटण पुरतं.

• नोंदी किती दिवस राहतात ते तपासा. आजची वेळ आजच पुसली गेली, तर उद्या जेवताना कुणी ती वाचून दाखवणार नाही. (अनुभवाचे बोल!)

• अ‍ॅपला वेगळा, दणकट पासवर्ड ठेवा आणि अपडेट आलं की टाळू नका. ड्रायव्हर बदलला, नातं तुटलं, गाडी विकली, तर सगळ्यात आधी अ‍ॅपमधली जुनी नावं काढा. सेकंडहँड गाडी घेतलीत तर मागच्या मालकाचं खातं बंद आहे ना, याची खात्री करून घ्या.

• ज्याने हे सगळं बसवलं, त्याच्याही फोनला तेच नियम. टपरीसकट!

परवा रात्री कचऱ्याची पिशवी घेऊन मी खाली गेले होते. बेसमेंटमध्ये आमच्या गाडीतला छोटा दिवा चालू होता. सीट मागे केलेली. मी पिशवी ठेवली आणि आल्या पावली वर आले. आईने विचारलं, ‘वहिनी आली का गं?’

‘येईल की,’ मी म्हटलं, ‘तू कुकर लाव.’